खालच्या तुकड्यातली मोहरी

मेखकाकूला समोर सगळे काकू म्हणत आणि पाठ वळली की मेख. हे तिला ठाऊक होतं, आणि दोन्हींतलं पाठीमागचं नाव तिला जास्त आवडायचं. "काकू काय, रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईला म्हणतात," ती म्हणे. "मेख म्हणायला आधी उपटून बघावं लागतं."

उपटून बघितलं ते चर खणला त्या दिवशी. वरच्या अंगाची सगळी शेतं कालव्याचं पाणी पिऊन पिऊन कायमची ओली राहायला लागली होती आणि पिकांची मुळं कुजत होती. पाणी कुठेतरी काढून द्यायला हवं होतं, यात काकूचंही दुमत नव्हतं. पण पाण्याला वर चढता येत नाही, आणि सगळ्यांच्या खाली काकूचा तुकडा. गावच्या समितीने ठराव केला की चर तिथे नेऊन सोडायचा. समितीचा अध्यक्ष काकूचा सख्खा धाकटा दीर, आणि त्याचं शेत सगळ्यात वर. ठराव एकमताने पास झाला, कारण काकूला बैठकीचा निरोपच गेला नव्हता.

खोदायचं मशीन आलं तेव्हा काकूने त्याच्यासमोर स्टूल मांडलं, मांडीवर टोपली घेतली आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली. मशीनवाला शहाणा माणूस होता. त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी तोंडावर ओढून झोपला. हळूहळू लोक जमले. दीर आला, घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, उठा आता. लोक हसतायत."

"हसू द्या, भाऊजी. पाण्याची सोय होत नाही तोवर तेवढीच करमणूक."

ती दुपार कलली तरी उठली नसती. पण काका धापा टाकत आला. काका म्हणजे काकूचा नवरा, पंक्चरचं दुकान चालवणारा, आणि धापा टाकण्याइतकी घाई आयुष्यात क्वचितच केलेला. म्हातारी गाय अडली होती, वासराचे मागचे पाय आधी आले होते. काकूने शेंगांची टोपली स्टुलावर ठेवली आणि पळत सुटली. कोपरापर्यंत हात घालून तिने वासरू ओढून काढलं, त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, ते श्वास घेतंय ना बघितलं आणि ती परत आली, तोवर चर तिच्या बांधापर्यंत पोचून पुढे आत शिरला होता. स्टूल आणि टोपली कुणीतरी व्यवस्थित बाजूला उचलून ठेवली होती. त्या व्यवस्थितपणाचाच तिला जास्त राग आला. गाईने ऐन वेळी पक्ष बदलला, असं ती पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली.

त्या दिवशी जन्मलेली कालवड मोठी झाली आणि साऱ्या गोठ्यावर हुकूम गाजवायला लागली. पाण्यावर पहिली ती, सावलीत पहिली ती, कुणी आडवं आलं तर खांद्याने एक ढुशी. काकाने तिचं नाव मुकादमीण ठेवलं. "घरात एक होतीच," तो म्हणाला, "आता गोठ्यातही झाली." काकूला ही गाय सगळ्यांत लाडकी होती, हे वेगळं सांगायला नको.

आता काकूच्या गोठ्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. त्या गोठ्यात दावं नव्हतं. गाई मोकळ्या. एकच लांबच लांब गव्हाण, तिच्यात चारा पसरायचा, ज्या गाईला जिथे जागा मिळेल तिथे तिने तोंड घालायचं. बाकी सगळ्यांच्या गाई बांधलेल्या असत, आणि लोक काकूला म्हणत की मोकळ्या गाई भांडतात, एक खाते, दुसरी बघते. काकू म्हणे, "माणसांचंही तसंच आहे, पण म्हणून मी माणसांना दावणीला बांधत नाही." ही तिची शान होती. तिच्या गोठ्यात येणाऱ्याला ती आधी हेच दाखवायची, दूध मागाहून.

चराचं पाणी येत राहिलं. पहिली काही वर्षं खालच्या तुकड्यात गवत असं माजलं की दीर वरच्या बांधावरूनच म्हणायचा, बघा वहिनी, फुकटचं पाणी. मग उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसायला लागला. पायाखाली तो कुरकुरायचा. गवत पिवळं पडलं, बांधावरची झुडपं वरून वाळत गेली. शेवटी तिथे काही म्हणता काही येईना. गुरांच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईने तिथली माती तपासायला पाठवली, आणि निकाल आल्यावर ती स्वतः सांगायला गोठ्यावर आली.

"सेलेनियम," ती म्हणाली. "दगडात असतं, मातीत असतं. वरच्या शेतांतलं पाण्याबरोबर धुऊन निघालं आणि तुमच्याकडे येऊन साचलं. पाणी उन्हाने उडून जातं, हे मागे राहतं."

"म्हणजे त्यांच्या जमिनी धुतल्या गेल्या आणि तो मळ माझ्या दारात."

"मळ म्हणता येणार नाही. जास्त झालं तर विष, पण अंगात अजिबात नसेल तरी जनावर जगत नाही. तुमच्याकडे चारा कुठून येतो?"

चारा यायचा वरून. खालचा तुकडा गेल्यापासून काकू वरच्याच शेतांतलं गवत विकत घेत होती.  डॉक्टरीणबाईने विचारलं की इथे गाय व्याल्यावर वार, म्हणजे वासरामागून पडणारी जार, वेळेवर पडते का. काकूने तिच्याकडे नीट बघितलं. तो प्रश्न वर्मावर लागला होता. सगळ्या भागात तेच रडगाणं होतं. गाय व्याली की वार अडकून बसायची, कुजायची, ताप भरायचा. वासरं जन्मायची ती चारही पाय ताठ करून पडून राहायची, दूध पाजलं तर मान उचलायची, पण उभी राहायची नाहीत. काही मरत. धाकट्या जावेकडे तर सलग दोन गेली होती. लोक म्हणायचे, हवा बदलली.

"हवा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "वरच्या चाऱ्यात सेलेनियम उरलंच नाहीये. वासरू पडलं की मी सुई देते, पण तेव्हा उशीर झालेला असतो. आई गाभण असताना तिच्या पोटात जायला हवं."

मग तिने जमीन कशी सुधारायची ते सांगितलं. मोहरी पेरायची. मोहरी ते सेलेनियम मुळांनी ओढून पानांत साठवते. फुलावर आली की कापायची, कापलेला पाला गाडीत भरून खड्ड्यात पुरायचा, पुन्हा पेरायची. असं करत करत जमीन निवळेल.

काकूने मोहरी पेरली. जिथे गवताचं पातं जगत नव्हतं तिथे ती तरारून वर आली. पहिली कापणी झाली, खड्डा खणून झाला, पाल्याचा ढीग खड्ड्याच्या काठावर आला, आणि काकू कमरेवर हात ठेवून थांबली.

"अहो," ती काकाला म्हणाली, "जमिनीत जास्त झालंय, गुरांना कमी पडतंय, आणि हे मधलं मी खड्ड्यात घालायचं? असा आंधळा कारभार मी तरी करणार नाही."

ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई नाही म्हणेल आणि मग आपण भांडू, अशी तिची तयारी होती. पण डॉक्टरीणबाई नाही म्हणाली नाही. तिने पाला तपासून घेतला, त्यात दुसरं काही वाईट नाही ना याची खात्री केली, आणि म्हणाली की हे करता येतं, बाहेरच्या देशांत करतात. वाळवून, कुटून, वरच्या चाऱ्यात थोडासाच मिसळायचा. किती ते तिने भांड्याच्या मापाने दाखवलं. "पण काकू, एक लक्षात ठेवा. गाई बांधा. प्रत्येकीला तिच्या पुढ्यात वेगळा द्या. अति तिथे माती, ही म्हण दुसऱ्या कशासाठी नसेल तर याच्यासाठी आहे."

"बांधते की," काकू म्हणाली. तिथून बाहेर पडल्यावर ती मनाशी म्हणाली, माप मी बरोबर घेईन, सगळ्यांचं मिळून. गाईंची आपसांतली वाटणी गाईंना कळते.

मूर्खपणाच होता तो. पण दावं बांधायचं म्हणजे तिला नाक मुठीत धरून शरण जाणं वाटत होतं, आणि शरण जाण्याची तिला सवय नव्हती.

मोहरीने मात्र आपलं काम केलं. गाभण गाई व्यायला लागल्या तेव्हा वार वेळच्या वेळी पडली. पहिलं वासरू पडल्या पडल्या मागचे पाय टेकून उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेला जाऊन भिडलं. काकू तिथेच शेणात बसली आणि रडली. काकाने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला ग्रीस होतं ते केसांना लागलं. त्यावरून ती त्याच्यावर ओरडली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

पुढे मुकादमिणीच्या शेपटीचा गोंडा झडायला लागला.

काकू म्हणाली, उवा असतील. मग मुकादमीण पाय आखडून चालायला लागली, आणि खुराच्या वरच्या कडेला आडवी चीर दिसली. काकू म्हणाली, दगड लागला असेल. काका पंक्चर काढणारा माणूस, कुठून हवा जाते ते शोधण्यात त्याचा जन्म गेलेला.

"खूर दगडाने फुटला," तो म्हणाला. "आणि शेपूट? तिच्यावरही दगड पडला का?"

काकूने उत्तर दिलं नाही. पण बातमीला उत्तर लागत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने लंगडणारी गाय बघितली, शेपटीचा दांडा बघितला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की मेखेने विषारी पाला घालून गाय सडवली. दुसऱ्या दिवशी केंद्रावर तिची कॅन उतरूनच घेतली नाही. दूध केंद्राचा कारभारही दिराकडेच होता. त्याने कॅनच्या झाकणावर हात ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, माझा नाइलाज आहे. निकाल लागेपर्यंत नको."

"कसला निकाल, भाऊजी? खटला कुणावर आहे?"

त्याने पुढची कॅन ओढून घेतली. त्या भागात दुसरं केंद्र नव्हतं. दूध तिथे गेलं नाही तर गोठा राहणार नाही, एवढं साधं होतं. काकाच्या दुकानात दोन माणसं जेवतील इतकं मिळायचं, गाई जेवतील इतकं नाही. काकूने भरलेली कॅन घरी आणली आणि अंगणात ठेवून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते तिचं तिला कळत नव्हतं.

"पाला बंद कर," काका हळूच म्हणाला. "दगडापेक्षा वीट मऊ. चार दिवस कळ काढू, लोक विसरतील."

"आणि पुढच्या वासरांचं काय? ती विसरतील उभं राहायला."

पण आत कुठेतरी तिला डाचत होतं. दुसऱ्या सकाळी चारा टाकून ती नेहमीसारखी निघून गेली नाही. उलट्या घमेल्यावर बसून गव्हाणीकडे बघत राहिली. मुकादमीण लंगडत आली, बाकीच्या सरकल्या. तिने गवतात तोंड घातलं, जिभेने गवत बाजूला सारलं आणि खालचा मोहरीचा चुरा चाटून घेतला. मग एक पाऊल पुढे. शेजारच्या गाईला ढुशी, गवत बाजूला, चुरा चाटून साफ. गव्हाणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती अशी गेली. बळी तो कान पिळी. मोहरीला खारट चव असावी, किंवा तिला निव्वळ हक्क दाखवायचा असावा. रोज सगळ्या गोठ्याचं औषध तीच एकटी निम्म्याहून जास्त खात होती. बाकीच्यांना उरलंसुरलं मिळत होतं आणि तेवढ्यानेही त्यांचं भलं झालं होतं.

काकूने कपाळावर हात मारून घेतला. मग उठली, मुकादमिणीच्या गळ्यात हात घातला आणि म्हणाली, "तुला मीच मारायला निघाले होते, बये."

डॉक्टरीणबाई आली तेव्हा तिने सगळ्या गाईंचं रक्त घेतलं, दुधाच्या बाटल्या भरल्या, आणि काकूला अशी झाडली की काकाने दुकानात काम असल्याचं सोंग घेतलं. "मी काय सांगितलं होतं? बांधा म्हणून. तुम्हाला सांगायचं ते कशाला, भिंतीला सांगितलेलं काय वाईट?" काकूने सगळं निमूट ऐकून घेतलं. मुकादमिणीचा पाला बंद झाला आणि तिचं दूध काकू स्वतः नेऊन खड्ड्यात ओतायला लागली. बाकीच्या गाईंसाठी तिने खुंट ठोकले. प्रत्येक खुंटावर घण घालताना ती स्वतःलाच शिव्या देत होती. पण मोहरी तिने बंद केली नाही.

तपासणीचे निकाल आले तेव्हा समितीने बैठक बोलावली. या वेळी काकूला निरोप आला. तिने उलट निरोप पाठवला की बैठक माझ्या गोठ्यात घ्या, ज्याच्याबद्दल बोलायचं ते समोर असू द्या. लोकांना यायचं नव्हतं, पण लंगडी गाय जवळून बघायची होतीच. सगळे आले, गवताच्या पेंढ्यांवर बसले. दीर मध्ये. धाकटी जाऊ बायकांच्या बाजूला, दाराजवळ.

डॉक्टरीणबाईने सांगितलं की बाकी सगळ्या गाईंचं रक्त ठीक आहे, आधी होतं त्याहून चांगलं आहे. दूध ठीक आहे. मुकादमिणीच्या अंगात जास्त झालंय, ते उतरेल, खूर खालून नवा येईल. "आणि हे का झालं ते काकूंना विचारा."

काकू उभी राहिली. "माझ्यामुळे झालं. बाईने सांगितलं होतं गाई बांध. मी बांधल्या नाहीत, मला मोकळ्या गाईंची मिजास होती. या एकटीने सगळ्यांचं खाल्लं. चूक मोहरीची नाही, माझी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

लोकांत कुजबुज झाली. मेखेने चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती आता पुरती नमली असेल असं त्यांना वाटलं. दिरालाही वाटलं. त्याचा आवाज मऊ झाला.

"झालं तर मग, वहिनी. दूध चांगलं आहे, मान्य. पण लोकांच्या मनात एकदा बसलं की बसलं. तुमच्या एका कॅनपायी उद्या सगळ्यांचं दूध परत आलं तर? तुम्ही असं करा. पाला खड्ड्यात टाका, ही गाय विकून टाका, आणि उद्यापासून दूध आणा. कुणी काही म्हणणार नाही."

"गाय विकणार नाही. मोहरी टाकणार नाही. आणि दूध उद्यापासून आणणार आहे."

"अहो, तुम्ही आत्ताच चूक कबूल केलीत ना?"

"चूक केली ती कबूल केली. जी केली नाही ती कशाला कबूल करू?" काकूचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर सायकलवर बसलेल्या माणसालाही ऐकू जात होता. "मोहरीत जे आहे ते माझ्या सासऱ्यांनी पुरून ठेवलेलं नाही. ते तुमच्या चरातून आलंय. रोज येतंय. ते विष असेल तर तुम्ही सगळे मिळून माझ्या जमिनीत विष सोडताय, मग आज चर बुजवा, फावडी मी देते. आणि औषध असेल तर माझं दूध घ्या. काय ते एकदा ठरवा. चरात असेपर्यंत पाणी आणि माझ्या गव्हाणीत आलं की विष, हे चालायचं नाही."

 चर बुजवला तर प्रत्येकाचं शेत पुन्हा सडणार होतं, हे न सांगता सगळ्यांना समजलं. एकाने उगाच डोकं खाजवलं. दीर म्हणाला, "विषय भलतीकडे नेऊ नका." पण विषय आता बरोबर जागी आला होता, आणि हे त्याच्या चेहऱ्यावरही दिसत होतं.

तेव्हा दाराजवळून धाकटी जाऊ बोलली. "ताई, माझी गाय महिन्याभरात व्यायची आहे. मला एक भारा द्याल?"

"तू गप्प बस," दीर म्हणाला.

"बसले होते," ती म्हणाली.  "दोन्ही वासरं मी मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही केंद्रावर होतात. मान उचलून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा टाकायची. हवा बदलली म्हणालात. गप्प बसले. तिसऱ्या वेळी नाही बसणार."

"अगं, पण तू तो पाला घातलास तर उद्या आपलंही दूध—"

तो तिथेच अडकला. पुढचं वाक्य सगळ्यांनी आपापल्या मनात पुरं केलं. अध्यक्षांच्या घरचं दूध अध्यक्ष परत पाठवणार. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग दुसरी एक बाई म्हणाली, "मलाही हवाय. माझी पुढच्या महिन्यात आहे." तिच्या नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर पेंढीवर वळवली.

 जावेशी काकूचं फारसं कधी पटलं नव्हतं. चर खणला त्या दिवसापासून तर दोघी कामापुरतंच बोलत. तिला जावेला जवळ घ्यावंसं वाटलं. पण सगळ्यांच्या देखत तसं करणं तिला जमलं नसतं, म्हणून ती म्हणाली, "भारा बांधून देणार नाही. खाली चला आणि आपल्या हाताने कापा. गाय बांधून खाऊ घालणार असशील तरच. आणि भाऊजी, तुम्हीही चला."

तो नको म्हणू शकला असता. पण बायको विळा घेऊन निघालीसुद्धा होती आणि लोक बघत होते. तो मागून निघाला.

खालच्या तुकड्यात मोहरी कमरेएवढी उभी होती, वर पिवळी फुलं. पण तिच्या कडेला, जिथे अजून पेरलं नव्हतं, तिथे जमीन पांढरीफटक पडली होती आणि चराचं तोंड त्या पांढऱ्यात उघडत होतं. दिराच्या बुटांखाली थर कुरकुरला. त्याने पाय उचलून बघितला. चर खणला त्या दिवसानंतर तो इथे आला नव्हता. वाळलेल्या झुडपांवरून त्याची नजर बांधापर्यंत गेली आणि परत आली.

"इतकं झालंय हे मला माहीत नव्हतं, वहिनी."

"माहीत नव्हतं असं नाही. तुम्ही इकडे कधी बघितलंच नाही."

तो उभा राहिला. शेजारी त्याची बायको खाली वाकून कापत होती, मागे वळूनही बघत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "सकाळी दूध आणा."

"आणतेच आहे. आणि चर?"

"चराचं समितीसमोर मांडतो."

"समिती वर माझ्या गोठ्यात बसलीय. बोलावू का खाली?"

त्याने नको म्हणून मान हलवली. काकूने हातातला विळा त्याच्यापुढे धरला. चर बुजवायला लावला तर वरची शेतं सडतील आणि तिच्या गाईंचं गवतही तिथलंच, हे तिला कळत होतं. तिला चर बुजवायचाच नव्हता. आपण एकटीने जे उपसत होतो ते ज्यांचं आहे त्यांनीही उपसावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते ती कुणाकडे मागणार नव्हती, करवून घेणार होती.

"वरून कापा," ती म्हणाली. "मुळं उपटू नका. मुळाची माती गव्हाणीत जाता कामा नये."

त्याने विळा घेतला. "आणि हे किती वेळा करायचं?"

"जेवढं खाली पाठवलंत तेवढं उचलून होईपर्यंत."

दीर वाकला आणि कापायला लागला.